शर्टावरचं केमिकल आणि पोत्यातली पंचवीस टक्के प्रथिने

मी, श्रीमती सुलभा रंगनाथ गांगुर्डे, वय ४९ वर्षे, व्यवसाय नोकरी (रसायनतज्ज्ञ, खाजगी खाद्य तपासणी प्रयोगशाळा, सातपूर), राहणार जेल रोड, नाशिक रोड. आज शनिवारी सायंकाळी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, समक्ष बसून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. खाद्यपदार्थात प्रथिने किती, हे तपासण्याचे काम मी लग्नाच्या आधीपासून करत आले आहे. माझ्यावर यापूर्वी कोणताही गुन्हा दाखल नाही. शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडण आहे, पण ते सगळ्यांचेच आहे.

तक्रारदार श्री. महेश सावळीराम उगले यांचा अंबड येथे पोषण आहाराची पिठे तयार करण्याचा कारखाना आहे. त्यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. मी आज दुपारी त्यांच्या कारखान्यात शिरून त्यांच्या अंगावर घातक रसायन फेकले, त्यासाठी प्रयोगशाळेच्या मालमत्तेचा गैरवापर केला आणि चारचौघांत त्यांची बदनामी केली, असे त्यात म्हटले आहे. सगळ्याची उत्तरे मी देणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट पहिल्याच पानावर यावी, कारण शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचत नाही असा माझा नोकरीतला अनुभव आहे. सदर कारखान्याच्या दारात भरलेला ट्रक उभा आहे. त्यातला माल सोमवारी सकाळी इगतपुरी भागातल्या बालवाड्यांना जाणार आहे. माझ्या मते त्यात युरिया आहे. युरिया म्हणजे शेतात टाकतात तोच. तो मुलांच्या वाटीत जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज तिथे गेले होते.

सदर बालवाड्या एक संस्था चालवते. त्यांना गेली काही वर्षे घोटीजवळच्या भागीबाईंचा बचत गट पीठ पुरवत होता. नाचणी, सोयाबीन, शेंगदाणे, सगळे भाजून, दळून, वर गूळ. यंदा संस्थेने ठरवले की काम शास्त्रशुद्ध झाले पाहिजे. म्हणून भागीबाईंचा आणि श्री. उगले यांचा असे दोन नमुने आमच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि ज्यात प्रथिने जास्त त्याला काम, असा नियम केला. नियम साधा होता. साध्या नियमांचे हेच असते, ते ज्याला मोडायचे असतात त्यालाही लगेच समजतात.

तपासणी मी स्वतः केली. भागीबाईंच्या पिठात साडेसतरा टक्के प्रथिने निघाली, श्री. उगले यांच्या पिठात पंचवीस टक्के. आकडे बरोबर आहेत. माझ्या हाताखाली आकडे चुकत नाहीत. चूक दुसरीकडे आहे आणि ती समजल्याशिवाय या तक्रारीचा तपास होणार नाही, असे मी उपनिरीक्षक साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगा." मी थोडक्यात सांगते.

आम्ही प्रथिने मोजत नाही. नायट्रोजन मोजतो. पिठाचा नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळून त्याचा पार विध्वंस करायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो पकडून मोजायचा आणि आलेल्या आकड्याला सव्वासहाने गुणायचे. याला केल्डाल पद्धत म्हणतात. हे नाव साहेबांनी तीनदा विचारले. डेन्मार्कमधल्या बिअरच्या कारखान्यातल्या माणसाने ती काढली असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "बिअर जबाबात नको." म्हणून ते वाक्य खोडावे. पद्धत खोडू नये. जगभर तीच चालते आणि प्रामाणिक पिठासाठी ती उत्तम आहे.

साहेबांना समजावे म्हणून मी असे सांगितले. मंडपात कीर्तनाला माणसे किती, हे आत न डोकावता मोजायचे आहे. आम्ही बाहेरच्या चपला मोजतो आणि दोनाने भागतो. एरवी हिशोब चुकत नाही. पण एखाद्याने रात्रीतून चपलांचे पोते आणून दारात ओतले, तर आमच्या अहवालात कीर्तनाला तोबा गर्दी होते आणि आत बुवा एकटेच असतात. युरिया म्हणजे ते चपलांचे पोते. त्यात नायट्रोजन इतका की आमच्या पद्धतीने नुसता युरिया तपासला तर त्यात शंभरात पावणेतीनशेच्या वर प्रथिने निघतात. शंभरात पावणेतीनशे. हे ऐकून साहेब म्हणाले, "असं कसं होईल?" मी म्हटले, "तेच मी म्हणतेय."

मला संशय आला तो पिठाकडे पाहून. श्री. उगले यांच्या पाकिटावर सोयाबीन, हरभरा, बदाम यांची चित्रे होती. आत मक्याचे पीठ, साखर आणि वेलचीचा वास होता. मक्याला कोणी पंचवीस टक्के म्हटले तर मकासुद्धा लाजेल. म्हणून मी त्याच नमुन्यावर दुसरी चाचणी केली. मोरचूद आणि कॉस्टिकच्या द्रावणात प्रथिने असली की जांभळा रंग येतो. भागीबाईंचा नमुना पिकल्या जांभळासारखा झाला. श्री. उगले यांचा निळाच राहिला, थोडी जांभळट झाक आली तेवढीच. प्रथिने तिथे होती, पण मक्यात असतात तितकीच. युरियाला या द्रावणात रंग येत नाही. चपला इथे चालत नाहीत, माणूस लागतो.

हे मी आमच्या व्यवस्थापकांना दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाने पेपरात एकच प्रश्न विचारलाय. तुम्ही दुसरा का सोडवताय?" मी म्हटले, "कारण पहिल्याचं उत्तर खोटं येतंय." ते म्हणाले, "खोटं नाहीये, पद्धतीप्रमाणे आहे." हे वाक्य खरे आहे. अहवाल पद्धतीप्रमाणे गेला. त्यावर त्यांची सही आहे.

मी संस्थेच्या समन्वयकांना फोन केला. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण टक्का त्यांचाच जास्त आहे ना?" काम श्री. उगले यांना मिळाले.

त्यानंतर भागीबाई मला भेटायला सातपूरला आल्या. काम गेले म्हणून त्या भांडायला आल्या असतील असे मला वाटले होते. त्यांनी पिशवीतून श्री. उगले यांचे नमुना पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या गावच्या बालवाडीत अशी पाकिटे आधी वाटली होती. त्या म्हणाल्या, "बाई, आमचं काम गेलं तं गेलं. पण पोरं हे थुंकत्यात. गोड हाय तरी थुंकत्यात. दोघांनी वकलं. पोरांना साखर थुंकताना मी कधी पाह्यलं नाय." मी विचारले, "तुम्ही चाखलंत?" त्या म्हणाल्या, "चाखलं. जिभेला गार लागतंय आन् मागून कडू." युरिया विरघळताना जीभ गार पडते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

इथे साहेबांनी विचारले की बालवाडीत मुले साधारण किती वयाची असतात. सोबत बसलेल्या भागीबाईंनी सांगितले, तीन ते पाच. मग चहा आला.

आज दुपारी सदर कारखान्यात पहिल्या मालाच्या रवानगीचा कार्यक्रम होता. बालवाड्यांच्या शिक्षिकांना आणि गावोगावच्या बायकांना बोलावले होते. भागीबाईंनाही निमंत्रण होते. त्यांच्या हातून नारळ फोडून घ्यायचा असा श्री. उगले यांचा मोठेपणा होता. मी त्यांच्यासोबत गेले. 'कारखान्यात शिरून' असे तक्रारीत म्हटले आहे. दारात मला गुलाबाचे फूल दिले आणि अंगावर अत्तर शिंपडले. शिरणाऱ्यांचे असे स्वागत करायची त्यांच्याकडे पद्धत असेल तर मला माहीत नाही.

प्रयोगशाळेची कोणतीही वस्तू माझ्याजवळ नव्हती. मी नेले होते ते येणेप्रमाणे: घरच्या मिक्सरवर दळलेले कच्च्या सोयाबीनचे पीठ, एक पांढरा सुती रुमाल. भागीबाईंनी त्यांचे पीठ आणले होते. बाकी सगळे यजमानांचे. वाट्या त्यांच्या, चहासाठी ठेवलेले गरम पाणी त्यांचे, आणि हळद ट्रकच्या पूजेच्या ताटातली. हळद घेताना मी ताटाला नमस्कार केला होता.

ट्रकवरचे एक पोते पूजेसाठी खाली उतरवून फोडले होते. त्यातले पीठ मी सर्वांसमोर एका वाटीत घेतले. दुसऱ्या वाटीत भागीबाईंचे पीठ. दोन्हींत कोमट पाणी आणि चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ. तिसऱ्या वाटीत हळदीचे पाणी करून त्यात रुमालाचे दोन तुकडे भिजवले आणि एकेका वाटीवर एकेक ताणून बसवला. शिक्षिका जवळ आल्या. एकीने विचारले, "ताई, कसली पाककृती आहे?" मी म्हटले, "थांबा, शिजतंय."

कच्च्या सोयाबीनमध्ये असे एक द्रव्य असते की ते युरिया फोडून त्याचा अमोनिया करते. भाजले की ते द्रव्य मरते, म्हणून कच्चेच लागते. अमोनिया वर आला की ओली हळद लाल होते. युरिया नसेल तर काही होत नाही. याला थोडा वेळ लागतो. त्याच सुमारास श्री. उगले भाषणाला उभे राहिले आणि बालकांचा पाया, राष्ट्राचा कळस, मधले सगळे मजले असे सविस्तर बोलले. भाषण लांबले त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी आटोपते घेतले असते तर प्रयोग फसला असता.

ते मातृशक्तीवर आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने नाकाला पदर लावला. दुसरी म्हणाली, "अगं, गोठ्यावानी वास येतोय." मी रुमालाच्या तुकड्यांकडे बघितले. भागीबाईंच्या वाटीवरचा पिवळा होता. पोत्यातल्या पिठावरचा लाल झाला होता. बायका उठून टेबलाभोवती जमल्या. मी बदनामीकारक काही बोलले नाही. मी फक्त म्हटले, "दोन्ही वाट्या तुमच्यासमोर आहेत. वास घ्या." त्यांनी घेतला. पुढची बदनामी वासाने केली.

श्री. उगले माईक टाकून आले आणि त्यांनी टेबलावरचे ताट ओढले. त्यात हळदीच्या पाण्याची तिसरी वाटी होती. ती त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर सांडली. मी त्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते आणि माझ्या दोन्ही हातांत दोन वाट्या होत्या, कारण त्या सांडू नयेत एवढीच मला चिंता होती. हे पाहणाऱ्या बायकांची नावे भागीबाई देतील. त्यांना सगळ्या नावाने माहीत आहेत, सासर-माहेरासह.

श्री. उगले आत जाऊन साबणाने शर्ट धुऊ लागले. थोड्याच वेळात त्यांच्या ओरडण्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा शर्टावरचा डाग रक्तासारखा लाल होता. ते ओरडत होते, "ॲसिड! ॲसिड टाकलं माझ्यावर! पोलिसांना बोलवा!" त्यांना खरोखर भीती वाटली होती असे माझे मत आहे. ते नाटक नव्हते.

भागीबाई म्हणाल्या, "दादा, साबण लावला का?"

ते म्हणाले, "मग काय लावू?"

"हळदीला साबण लागला का लालच होतंय. जन्मात कधी स्वतःचं कापड धुतलं का नाय?"

बायका हसल्या. मी हसले नाही. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण तक्रारीत मी 'विकट हसले' असे आहे.

शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठाण्यात जमा केला आहे. महिला पोलीस हवालदार पूजा आहेर यांनी पिशवी उजेडात धरून बघितली आणि साहेबांना म्हणाल्या, "सर, ही हळद आहे. माझ्या लग्नातल्या साडीचं असंच झालं होतं." साहेब म्हणाले, "तुमची साडी पुरावा नाही." मग त्यांनी माझ्या रुमालाचे तुकडे मागितले. मी दिले. दोन्ही पिवळे होते. श्री. उगले समोरच्या बाकावरून म्हणाले, "बघा साहेब! कुठंय लाल? जादूचे प्रयोग करते ही बाई."

यात जादू नाही. रुमाल वाळला की अमोनिया उडून जातो आणि हळद पुन्हा पिवळी होते. मी ठाण्यात पुन्हा करून दाखवायची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, "इथे नको, आधीच वास कमी नाही." त्यांचे बरोबर आहे. मी ते मान्य करते की रुमालाने काहीही सिद्ध होत नाही. सिद्ध होईल ते पोत्यातल्या पिठाने आणि ते पोते अजून ट्रकजवळ आहे.

त्यानंतर साहेबांनी आम्हा दोघांना समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. श्री. उगले तक्रार मागे घ्यायला तयार आहेत. मी फक्त 'सदर प्रकार गैरसमजातून घडला' असे लिहून द्यावे. श्री. उगले म्हणाले, "मोठ्या मनाने सोडून देतो. ताईंच्या वयाकडे बघून." त्यांचे वय तक्रारीवर आहे. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे आहेत.

हे चालू असताना आमच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तो मी सर्वांना ऐकू येईल असा लावला. ते म्हणाले, "मॅडम, ते मागतात ते लिहून द्या आणि विषय संपवा. नाहीतर सोमवारी कामावर येऊ नका." मी म्हटले, "सोमवारी मला वेळ नाहीच." फोन ठेवल्यावर मी पाणी मागितले. ते आहेर हवालदारांनी आणून दिले. माझ्या नोकरीबाबत मला याहून जास्त काही सांगायचे नाही.

मी साहेबांना विचारले, की ट्रकमधला माल थांबवता येईल का. ते म्हणाले, "मॅडम, भेसळ हा अन्न विभागाचा विषय. त्यांना कळवतो. पण आज शनिवार. त्यांचा माणूस सोमवारी दुपारी येईल." ट्रक सोमवारी सकाळी जाणार आहे. साहेबांचे म्हणणे नियमाला धरून होते आणि मी नियमाला धरून बोलणाऱ्या माणसांसोबतच आयुष्य काढले आहे, त्यामुळे मला राग आला नाही. मी तक्रार पुन्हा वाचून दाखवायला सांगितली.

तक्रारीत असे आहे की पोत्यातले पीठ व इतर पदार्थ एकत्र करून मी 'घातक रसायन तयार केले' आणि ते फेकून तक्रारदारांना जखमी करण्याचा प्रयत्न केला. मी आहेर हवालदारांना विचारले, की असा गुन्हा आपसात मिटवता येतो का. त्या म्हणाल्या, "ॲसिडचा? नाही मॅडम. ते गंभीर असतं." मी विचारले, की ज्या वस्तूंपासून रसायन तयार केले त्या वस्तूंचे काय करतात. त्या म्हणाल्या, "मुद्देमाल म्हणून जप्त." मग त्या साहेबांकडे बघत राहिल्या. साहेब श्री. उगले यांच्याकडे बघत राहिले.

तरी माझे म्हणणे असे आहे. माझ्याविरुद्धची तक्रार अतिशय गंभीर असून ती मागे घेण्यास माझी हरकत आहे. तिचा कसून तपास व्हावा. सदर घातक रसायन ज्या पोत्यातल्या पिठापासून तयार झाले ते पोते, आणि त्याच ट्रकवरची त्याच खेपेची सर्व पोती, पंचांसमक्ष मुद्देमाल म्हणून ताब्यात घ्यावीत. नमुन्याचे भाग करून प्रत्येकाला लाखेचे सील लावावे, आणि सरकारी प्रयोगशाळेला पाठवताना नुसते 'प्रथिने किती' असे विचारू नये, नाहीतर तिथेही चपलाच मोजतील. खरी प्रथिने वेगळी काढून मोजा आणि युरिया वेगळा मोजा, असे स्पष्ट लिहावे. तपासात ते पीठ निर्मळ निघाले, तर मी म्हणाल तिथे माफी मागेन.

हे ऐकून श्री. उगले म्हणाले, "अहो साहेब, हळदच होती ती! मी काय म्हणतो, हळदीवरून एवढं कशाला?" साहेब म्हणाले, "मघाशी ॲसिड होतं ना?" श्री. उगले म्हणाले, "मघाशी शर्ट लाल होता." हा संवाद जसाच्या तसा लिहावा अशी माझी विनंती आहे आणि आहेर हवालदारांनी तो लिहिला आहे.

भागीबाईंनी पंच म्हणून यायची तयारी दाखवली, पण त्यांचा बचत गट या कामात असल्याने ते चालणार नाही असे साहेब म्हणाले. त्या म्हणाल्या, "मंग मी नुसती बसते. पोती मोजताना कुणी तरी पाह्यला हवं." त्या बाहेर बाकावर बसून आहेत. त्यांची घोटीची शेवटची गाडी गेली आहे. त्या माझ्याकडे मुक्काम करतील.

येणेप्रमाणे माझा जबाब आहे. तो मी शुद्धीवर राहून, कोणाच्या दबावाखाली न येता दिला. दबाव आला, तो वर लिहिला आहे. हवालदार आहेर यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना भरलेला ट्रक ठाण्याच्या आवारात मागे घेतला जात होता आणि त्या आवाजात शेवटचा भाग नीट ऐकू आला नाही, म्हणून मी तो पुन्हा वाचायला लावला. दोन्ही वेळा बरोबर आहे.

समक्ष,
सुलभा रंगनाथ गांगुर्डे